अब्राहामाला सांगितलेले ‘जा’ आणि शिष्यांना सांगितलेले ‘जा’

आपला प्रश्न असा आहे : ‘जा आणि सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ ही येशूची आज्ञा मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात आहे हे ठाऊक आहे, परंतु हिब्रू शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, मिशनकार्याचे काही मूळ आहे काय, की ही जोडणी मागाहून केलेली आहे? यहुदी समाज तर धर्मप्रचार करीत नाही, अशी शंका आपण पुढे मांडली आहे आणि वाचनाला सुरुवात कोठून करावी, हेही विचारले आहे. मी साताऱ्यात राहतो. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत, म्हणजे साप्ताहिक बायबलवर्गात, बरीच वर्षे जुना करार शिकवीत आलो. तरुणपणी पुण्यात दोन वर्षे हिब्रू शिकलो होतो. त्या शिदोरीवर हे उत्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. मूळ आहे आणि ते खोल आहे. मात्र ते आज्ञेच्या रूपात नाही, वचनाच्या रूपात आहे. ‘परराष्ट्रांत जाऊन तेथील लोकांना आपल्या धर्मात आणा’ असा आदेश इस्राएल लोकांना दिलेला हिब्रू शास्त्रात शोधू गेल्यास सापडणार नाही, आणि तो तेथे आहे असे भासवणारी प्रवचने मला पटत नाहीत. तेथे जे आहे ते असे, की देवाने एका कुळाला निवडले ते इतर कुळांना टाकून देण्यासाठी नव्हे, तर त्या सर्वांपर्यंत पोहोचण्यासाठी. हे एकदा ध्यानात आले, म्हणजे नव्या करारातील ‘जा’ हा शब्द आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील मांडणीच पाहावी. दहाव्या अध्यायात नोहाच्या वंशातून निघालेल्या राष्ट्रांची यादी आहे; परंपरेने ती सत्तर राष्ट्रांची मानतात. अकराव्यात बाबेलचा बुरूज आणि भाषांची फाटाफूट आहे. इतकी सगळी राष्ट्रे रंगमंचावर आणून झाल्यावर बाराव्या अध्यायात कथा एकाएकी एका माणसावर येते, पंचाहत्तर वर्षांच्या आणि अपत्य नसलेल्या अब्रामावर. त्याला ऐकू येणारे पहिले शब्द आहेत ‘लेख लेखा’. यातला पहिला शब्द म्हणजे ‘जा’ आणि दुसरा म्हणजे ‘तुझ्यापुरता, तुझ्यासाठी’. मराठीत ‘तू आपला नीघ’ असे आपण बोलतो, त्यात ‘आपला’ हा शब्द जे काम करतो, काहीसे तेच काम येथे ‘लेखा’ करतो. म्हणजे हिब्रू शास्त्रातही आरंभी ‘जा’ आहेच. पण अब्रामाला कोणाला काही शिकवायला धाडलेले नाही. त्याने देश, नातलग आणि बापाचे घर सोडायचे आहे, आणि तिसऱ्या वचनाच्या अखेरीस त्याला सांगितले आहे की पृथ्वीवरील सर्व कुळे त्याच्याद्वारे आशीर्वाद पावतील.

या शेवटच्या क्रियापदावर विद्वानांचा जुना वाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येथे हिब्रूत ‘निव्रखू’ असे रूप आहे. उत्पत्ती १८:१८ आणि २८:१४ मध्येही त्याच घडणीचे रूप आहे. मात्र २२:१८ आणि २६:४ मध्ये हेच वचन ‘हितबारखू’ या दुसऱ्या रूपात येते, ज्याचा अर्थ ‘स्वतःला आशीर्वाद मागून घेतील’ असा होऊ शकतो. मध्ययुगातील थोर यहुदी भाष्यकार राशी याने बाराव्या अध्यायातील वचनाचाही अर्थ याच अंगाने लावला : बाप मुलाला ‘अब्राहामासारखा हो’ म्हणेल. आपल्याकडे वडीलधारी माणसे ‘ध्रुवासारखा अढळ हो’ म्हणतात, तसा हा प्रकार. उलट हिब्रू शास्त्राचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून सिद्ध होत गेले, त्याने ‘आशीर्वादित होतील’ असाच अर्थ घेतला, आणि प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हे वचन उद्धृत करून म्हटले, की शास्त्राने अब्राहामाला सुवार्ता आधीच सांगून ठेवली होती. राशीचा अर्थ घेतला तरी राष्ट्रांची नजर अब्राहामाकडे लागलेली आहे, हे माझ्या मते उरतेच. मात्र त्या अर्थाने अब्राहामाला त्यांच्या दारी जावे लागत नाही. वचन आणि आज्ञा यांतला फरक मी वर सांगितला, तो येथेच दिसतो.

पुढे सीनाय पर्वतापाशी, निर्गम १९:६ मध्ये, इस्राएलाला ‘याजकराज्य’ आणि ‘पवित्र राष्ट्र’ म्हटले आहे. याजक हा लोकांच्या वतीने देवापुढे आणि देवाच्या वतीने लोकांपुढे उभा राहतो. सगळे राष्ट्रच याजक असेल तर ते कोणासाठी, असा प्रश्न विचारला की उरलेल्या जगाकडेच पाहावे लागते. येथे मी फार थांबत नाही.

थांबावेसे वाटते ते राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायापाशी. आपण मिरजेजवळ राहता असे आपण लिहिले आहे; मिरजेत १८९४ साली वानलेस यांनी सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाकडे पाहताना मला हीच कथा आठवते. नामान हा अरामाचा, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूचा सेनापती. त्याला त्वचेचा रोग जडलेला आहे. (मराठी बायबलात ‘कोड’ किंवा ‘कुष्ठ’ म्हटले असले, तरी ‘त्साराअत’ या हिब्रू शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात, इतकेच नव्हे तर कापडावरचे आणि भिंतीवरचे डागही येतात.) त्याच्या घरी त्याच्या बायकोच्या सेवेला एक मुलगी आहे. अरामी टोळ्यांनी धाड घातली तेव्हा तिला इस्राएलातून पळवून आणले होते. तिला नाव नाही आणि सगळ्या कथेत तिच्या तोंडी एकच वाक्य आहे : आमचे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे असते तर किती बरे झाले असते, त्याने त्यांचा रोग घालवला असता. ज्याच्या माणसांनी आपल्याला आईबापांपासून तोडले, त्याचे बरे व्हावे असे त्या पोरीला वाटते. संपूर्ण हिब्रू शास्त्रात परक्याला देवाची वाट दाखवणारे याहून साधे वाक्य मला आढळलेले नाही.

हिब्रूत वाचताना यात आणखी एक गोष्ट दिसते, जी भाषांतरात सहज निसटते. या मुलीला दुसऱ्या वचनात ‘नअरा केटन्ना’, म्हणजे लहान मुलगी, असे म्हटले आहे. पुढे नामान त्या संदेष्ट्याच्या, म्हणजे अलीशाच्या, सांगण्यावरून, आधी रागावून आणि मग चाकरांनी समजूत घातल्यावर, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तेव्हा चौदाव्या वचनात त्याची त्वचा ‘नअर काटोन’, म्हणजे लहान मुलाच्या त्वचेसारखी, झाली असे सांगितले आहे. शब्द तेच, फक्त लिंग बदललेले. सेनापती त्या पोरीसारखा झाला. शब्बाथशाळेत मी हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.

बरा झाल्यावर नामान दोन खेचरांवर लादून इस्राएलाची माती मागून नेतो, कारण यापुढे त्याला त्या मातीवर उभे राहून परमेश्वराची उपासना करायची आहे. मात्र त्याची एक अडचण आहे : राजा रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात जातो तेव्हा त्याच्या हाताला धरून आपल्यालाही वाकावे लागते, त्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला धारेवर धरीत नाही. ‘शांतीने जा’ एवढेच म्हणतो. नामान अरामीच राहतो आणि आपल्या गावी परत जातो. येशूने नासरेथच्या सभास्थानात या नामानाची आणि सारफथच्या परराष्ट्रीय विधवेची आठवण काढली, तेव्हा ऐकणारे एवढे संतापले की त्याला डोंगराच्या कड्यावरून लोटून द्यायला निघाले; हे लूकच्या चौथ्या अध्यायात आहे.

आता दिशेविषयी. हिब्रू शास्त्रातील बहुतेक चित्रांत राष्ट्रे सियोनाकडे, म्हणजे यरुशलेमेतील मंदिराच्या डोंगराकडे, येतात. सियोनाहून राष्ट्रांकडे कोणी जात नाही. माझे बालपण लोणंदला गेले. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. आम्ही ख्रिस्ती होतो, तरी त्या दिवशी आई पहाटेच दारात पाण्याचा रांजण भरून, वर ओले फडके टाकून ठेवीत असे, आणि तांब्या भरभरून देण्याचे काम माझ्याकडे असे. त्या गर्दीतल्या कोणालाही पंढरपुरास जा म्हणून कोणी पाठवलेले नव्हते. शेजारी निघाला म्हणून हाही निघाला, असेच पुष्कळांनी मला सांगितले असते. संदेष्टा यशया याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले आणि मीखाच्या चौथ्या अध्यायातले चित्र नेमके असेच आहे : शेवटल्या काळी परमेश्वराच्या मंदिराचा डोंगर उंचावेल, राष्ट्रे त्याकडे ओघाने लोटतील आणि एकमेकांना म्हणतील, ‘चला, आपण परमेश्वराच्या पर्वतावर चढून जाऊ.’ हे बोलणे राष्ट्रांचे आपसातले आहे, इस्राएलाने त्यांना घातलेली हाक नव्हे. शलमोनाने मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी केलेल्या प्रार्थनेतही दूर देशाहून आपण होऊन आलेल्या परक्याचे मागणे ऐक, असे आर्जव आहे.

पुष्कळ ख्रिस्ती वाचकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगतो. आपल्या बायबलात जुना करार मलाखीने संपतो. हिब्रू बायबलाचा प्रचलित क्रम मात्र इतिहासाच्या पुस्तकांनी संपतो. त्यातले शेवटचे वचन म्हणजे पारसाचा राजा कोरेश याचा जाहीरनामा, आणि त्याचा शेवटचा शब्द ‘वयाअल’, म्हणजे ‘त्याने वर जावे’, यरुशलेमेस जावे. हिब्रू शास्त्र ‘वर या’ असे म्हणत मिटते आणि मत्तयाचे शुभवर्तमान ‘जा’ असे म्हणत संपते.

हा प्रवाह उलटा वळल्याची चाहूल हिब्रू शास्त्रातच एका ठिकाणी स्पष्ट लागते, ती यशयाच्या शेवटच्या अध्यायात. तेथे, ६६:१९ मध्ये, देव म्हणतो की वाचलेल्यांपैकी काहींना मी तार्शीश, लूद, तुबाल, यावान आणि ज्यांनी माझी कीर्ती ऐकलेली नाही अशा दूरच्या बेटांकडे पाठवीन, आणि ते राष्ट्रांत माझा महिमा सांगतील. पाठवणे, न ऐकलेले लोक आणि सांगणे या तिन्ही गोष्टी एका वचनात येथे एकत्र आल्या आहेत. पुढच्याच ओळींत, त्यांच्यातूनही मी याजक व लेवी घेईन, असे म्हटले आहे. ‘त्यांच्यातून’ म्हणजे परत आणलेल्या इस्राएल बांधवांतून की परराष्ट्रीयांतून, यावर मतभेद आहेत. मला दुसरा अर्थ संदर्भाला अधिक धरून वाटतो. त्याआधी ४९:६ मध्ये परमेश्वराच्या सेवकाला सांगितले आहे की याकोबाच्या वंशांना उभे करणे एवढेच काम तुला फार थोडे आहे, मी तुला राष्ट्रांचा प्रकाश करीन. आणि १९:२५ मध्ये तर मिसराला, म्हणजे इजिप्तला, ‘माझे लोक’ आणि अश्शूराला ‘माझ्या हातची कृती’ म्हणून इस्राएलाच्या बरोबरीने बसवले आहे. ज्यांनी गुलाम केले आणि ज्यांनी राज्य बुडवले ते हे दोघे.

त्याच अश्शूराची महानगरी निनवे. आजच्या इराकमधील मोसुल शहराला लागून तिचे अवशेष आहेत. योना या संदेष्ट्याला तेथे जायची आज्ञा होते आणि तो याफोच्या बंदरात उलट दिशेचे जहाज पकडतो. हे पुस्तक अवघे चार अध्यायांचे आहे, तरी त्यावरची बहुतेक प्रवचने योनाला गिळणारा मासा आणि निनवेचा पश्चात्ताप सांगून तिसऱ्या अध्यायापाशी थांबतात, याचे मला वाईट वाटते. योनाचा उपदेश हिब्रूत केवळ पाच शब्दांचा आहे : आणखी चाळीस दिवस आणि निनवे उलथून जाईल. त्यात देवाचे नाव नाही, दयेचा उच्चार नाही. तरीही शहर वाचते, आणि चौथ्या अध्यायात योना त्याबद्दल देवावर रागावतो. तो म्हणतो, तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. सावली देणारे झाड, ज्याला पुष्कळ अभ्यासक एरंड मानतात, एका रात्रीत उगवते आणि किडा लागून वाळते, तेव्हा त्याला त्या झाडाचा कळवळा येतो. त्यावर देव विचारतो, की उजवा हात कोणता आणि डावा कोणता हे न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ जनावरे जिथे आहेत, त्या निनवेचा मला कळवळा येऊ नये काय? येथे पुस्तक संपते. योनाचे उत्तर दिलेले नाही. यहुदी लोक हे पुस्तक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या उपासनेत दरवर्षी वाचतात. परक्यांवरील देवाच्या दयेची शिकवण त्यांना कोणा ख्रिस्ती माणसाने दिलेली नाही. नव्या करारात पेत्र रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी जायला निघतो तोही याच याफोहून; प्रेषितांची कृत्ये, अध्याय दहावा.

आपण विचाराल, की मग मोशेच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात कनानातील राष्ट्रांचा समूळ नाश करायला सांगितले आहे, त्याचे काय? ते तेथे आहे, आणि एज्राच्या पुस्तकात परदेशी बायकांना मुलांसह घालवून दिल्याचेही आहे. मी ते शिकवताना गाळत नाही. पण त्याच संग्रहात मवाबी रूथ आहे, जिच्या लोकांना मंडळीत घेऊ नये असे अनुवादाचा तेविसावा अध्याय म्हणतो आणि जिच्या पोटी पुढे दाविदाचा आजा जन्मतो. हे दोन्ही स्वर एकाच ग्रंथात आहेत. येशूने आणि प्रेषितांनी यांपैकी कोणता स्वर पुढे नेला, ते मत्तयाच्या पहिल्या पानावरील वंशावळीत कनानी राहाब आणि मवाबी रूथ यांची नावे वाचली की कळते.

आणि प्रेषितांनी ही जोडणी मनाने रचली नाही, ग्रंथ उघडून केली. लूकच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू मोशेचे नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रे यांचा हवाला देऊन सांगतो, की पश्चात्ताप व पापक्षमा यांची घोषणा सर्व राष्ट्रांत व्हावी असे लिहिलेले आहे. पौल व बर्णबा यांनी पिसिदियातील अंत्युखिया येथे यशया ४९:६ हे वचन सेवकाविषयीचे असूनही ‘प्रभूने आम्हांला दिलेली आज्ञा’ म्हणून वाचले. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने परराष्ट्रीयांविषयीची चार वचने ओळीने गुंफली आहेत, आणि ती नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रे या तिन्ही विभागांतून आलेली आहेत. सर्वांत उद्बोधक आहे ती यरुशलेमेतील सभा. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही, या वादात याकोबाने, म्हणजे येशूच्या भावाने, आमोस ९:१२ पुढे केले. हिब्रू पाठात तेथे ‘अदोमाचे अवशेष ताब्यात घेतील’ असे आहे. ग्रीक भाषांतरात ‘उरलेली मानवजात शोध घेईल’ असे आहे. ‘अदोम’ आणि ‘आदाम’, म्हणजे मनुष्य, यांत हिब्रू लिपीत एका अक्षराचा फरक पडतो. ‘यीरशू’ आणि ‘यिदरशू’ यांतही तितकाच. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये याकोबाच्या मुखी ग्रीक पाठ आहे. जिंकण्याचे वचन तेथे शोधण्याचे वचन झाले.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. यहुदी परंपरा हीच वचने वाचते आणि वेगळ्या निष्कर्षाला पोहोचते. यशयातील सेवक म्हणजे इस्राएल, असे ती म्हणते, आणि ४९:३ मध्ये सेवकाला ‘इस्राएल’ असेच संबोधले आहे. नोहाच्या वंशाला दिलेले सात नियम पाळणाऱ्या परक्याने यहुदी होण्याची गरज नाही, राष्ट्रांतील नीतिमानांनाही येणाऱ्या जगात वाटा आहे, अशी तिची शिकवण आहे. हा शास्त्राचा उथळ अर्थ नव्हे. ख्रिस्ती वाचन वेगळे पडते ते येशूमुळे : राष्ट्रांनी ज्याच्याकडे यायचे ते ठिकाण आता डोंगर नसून एक व्यक्ती आहे आणि ती उठली आहे, असा आमचा विश्वास आहे, म्हणून तिच्या साक्षीदारांना निघावे लागले. हा विश्वास हिब्रू शास्त्रातून गणितासारखा सिद्ध करता येत नाही. आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले. त्या समाजाने हिब्रू शिकून घेतली आणि तो यहुदीच राहिला. माझ्या दृष्टीने विल्सन यांचे ते काम वाया गेलेले नाही.

आधुनिक प्रॉटेस्टंट मिशनांचा आरंभही गंमत वाटावी इतका हिब्रू शास्त्रातून झाला. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी १७९२ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे जे प्रवचन केले, ते मत्तयावर नसून यशया ५४:२ वर होते : आपल्या तंबूची जागा वाढव, दोऱ्या लांब कर, मेखा घट्ट ठोक. पुढच्याच वर्षी ते बंगालात आले आणि १८११ साली श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. मूळ वचन बंदिवासातून परतणाऱ्या लेकरांसाठी यरुशलेमेने घर मोठे करावे, असे आहे. त्यातून समुद्रापार जाण्याचा अर्थ काढणे ही कॅरी यांची झेप होती, आणि साम्राज्याच्या काळात ‘तंबू वाढव’ हे शब्द कानाला कसे लागत असतील, याचाही विचार व्हायला हवा. साताऱ्यात बसून मला अधिक जवळचे वाटतात ते नारायण वामन टिळक. त्यांनी १९१७ साली येथे ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी योजना होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. दरबारात माणसे येतात. तेथे कोणाच्या दारी जाऊन बसायचे नसते. यशयाच्या दुसऱ्या अध्यायातले चित्र मराठी मातीत कोणी उभे करू पाहिले असेल, तर ते त्यांनी, असे मला वाटते.

वाचनाची सुरुवात योनाच्या पुस्तकाने करावी. अर्ध्या तासात ते पुरे होते. मात्र चौथा अध्याय सोडू नये. त्यानंतर राजांचे दुसरे पुस्तक, अध्याय पाचवा. मग उत्पत्तीचे दहा ते बारा हे तीन अध्याय सलग वाचावेत, दहाव्यातील नावांची यादी कंटाळवाणी वाटली तरी. यशया पहिल्याच वाचनात सबंध हाती घेऊ नये; २, १९, ४९, ५६ आणि ६६ एवढे अध्याय पुरेत. एकशे सतरावे स्तोत्र दोनच वचनांचे आहे, ते मध्ये केव्हाही वाचता येईल. हे झाल्यावर लूकचा चोविसावा अध्याय उघडून ४४ ते ४७ ही वचने वाचावीत आणि तेथे ‘असे लिहिलेले आहे’ म्हणून जे सांगितले आहे, ते कोठे कोठे लिहिलेले आपल्याला सापडले, याची खूण आपल्या प्रतीत पेन्सिलीने करून ठेवावी.